इन्थ्यूझिॲझम म्हणजे काय? शब्दाचा अर्थ, उगम आणि वापर



पाचवीच्या वर्गात मी प्रजासत्ताक दिनावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायला दिली होती. बहुतेकांच्या वहीत शेवटचं वाक्य एकच, गाईडमधून उतरवलेलं : "रिपब्लिक डे वॉज सेलिब्रेटेड विथ ग्रेट इन्थ्यूझिॲझम." एका मुलानं मात्र ते वाक्य गाळलं होतं. मी विचारलं, "अरे, शेवटचं वाक्य कुठं गेलं?"

तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं झेंडा होता, रांगोळी होती, गोळ्या वाटल्या. पण ते इन्थ्यूझिॲझम कुठं होतं?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण त्याचं चुकलं काय? 'विथ'च्या पुढे काहीतरी सोबतची वस्तू येते एवढं त्याला माहीत होतं, आणि ती वस्तू त्याला मैदानावर दिसली नव्हती. बाकीच्यांनी अर्थ न कळताच वाक्य लिहिलं, यानं अर्थ कळला नाही म्हणून लिहिलं नाही. मी फळ्यावर 'इन्थ्यूझिॲझम म्हणजे उत्साह' असं लिहिलं आणि पुढे गेले.

घरी आल्यावर मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. शब्दकोश उघडला, एकातून दुसरं निघत गेलं, आणि शेवटी त्या शब्दानं माझीच एक चूक दाखवून दिली. ती चूक लेखाच्या शेवटी सांगते. आधी शब्द नीट बघू.

स्पेलिंग आणि उच्चार

या शब्दात एकूण १० अक्षरं आहेत : ई, एन, टी, एच, यू, एस, आय, ए, एस, एम. मुलांना लांबलचक स्पेलिंग पाठ करायला लावण्यापेक्षा तुकडे पाडून द्या : एन – थू – सी – ॲझम. 'टी-एच'चा 'थ' होतो आणि दोन्ही 'एस'चा उच्चार 'झ' होतो. हा 'झ' आपल्या 'झाड' आणि 'झरा'मधल्या 'झ'च्या जवळचा आहे असं मुलांना दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणून दाखवा. इंग्रजी 'झू' आणि 'झीरो'मध्ये तोच आवाज आहे.

बोलताना जोर दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे 'थ्यू'वर येतो. अमेरिकेत 'थ्यू'ऐवजी सरळ 'थू' म्हणतात. विशेषण करताना मात्र जोर पुढे सरकतो : इन्थ्यूझिॲस्टिक, इथं 'ॲस'वर जोर द्यायचा.

अर्थ

एखाद्या गोष्टीबद्दल मनातून वाटणारी तीव्र ओढ, ती करण्याची उत्सुकता आणि त्यातला आनंद, म्हणजे इन्थ्यूझिॲझम. मराठीत प्रसंगाप्रमाणे उत्साह, हुरूप, उमेद, हौस, जोश यांपैकी जो शब्द शोभेल तो वापरावा. दुसरा थोडा वेगळा अर्थ म्हणजे ज्या गोष्टीचा नाद लागला आहे ती गोष्टच. या अर्थी अनेकवचनही होतं, इन्थ्यूझिॲझम्स. एखाद्याच्या इन्थ्यूझिॲझम्स म्हणजे त्याचे छंद, त्याचे नाद.

शब्दाचा उगम : आत देव

आता खरी गंमत. हा शब्द मूळचा ग्रीक. त्यात 'एन' म्हणजे आत आणि 'थिऑस' म्हणजे देव. दोन्ही मिळून 'एन्थिऑस', म्हणजे ज्याच्या आत देव आहे असा माणूस. त्यावरून क्रियापद झालं, त्यावरून 'एन्थूसियास्मॉस' हे नाम झालं. ग्रीकमधून लॅटिन आणि फ्रेंचच्या वाटेनं हा शब्द साधारण १६०० च्या सुमारास इंग्रजीत आला.

जुन्या ग्रीसमध्ये हे अगदी शब्दशः मानलं जायचं. डेल्फी नावाच्या गावी अपोलो देवाचं मंदिर होतं. तिथली पुजारीण प्रश्नांची उत्तरं द्यायची तेव्हा ती स्वतः बोलत नाही, तिच्या तोंडून अपोलो बोलतो अशी लोकांची श्रद्धा होती. डायोनिसस या देवाचे भक्त नाचता नाचता भान विसरायचे, तेही 'एन्थिऑस'. आपल्याकडे जत्रेत कुणाच्या अंगात आलं की लोक वाट मोकळी करून देतात ना? ते दृश्य डोळ्यापुढं आणा, म्हणजे या शब्दाचा जन्म कुठं झाला ते कळेल.

इथं एक सावधगिरी. 'थिऑस' आणि आपला 'देव' हे शब्द कानाला जवळचे वाटतात, अर्थही एकच. म्हणून दोन्ही एकाच मुळापासून आले असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. संस्कृत 'देव' हा 'दिव्' म्हणजे चमकणे या धातूशी जोडलेला आहे. लॅटिनमधला 'देउस' आणि ग्रीकांचा 'झ्यूस' हे त्याचे सख्खे नातेवाईक. 'थिऑस'चं मूळ वेगळं आहे. नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही, हा धडा मुलांना शब्दांच्या बाबतीत लवकर मिळालेला बरा.

'थिऑस'च्या घरातले इतर शब्दही सांगून टाकते. थिऑलॉजी म्हणजे देवधर्माचा अभ्यास. एथिइस्ट म्हणजे देव न मानणारा, त्यात सुरुवातीचा 'ए' नकाराचा आहे. पँथिऑन म्हणजे सर्व देवांचं मंदिर, ते रोममध्ये आजही उभं आहे. थिओडोर हे नाव म्हणजे देवाची देणगी, आपल्या मराठीत देवदत्त! आणि डोरोथी हे मुलीचं नाव म्हणजे तेच दोन तुकडे उलटे जोडलेले. पण थिअरी आणि थिएटर या घरातले नाहीत बरं का, ते 'पाहणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून आले.

अजून एक गैरसमज. प्रेरणादायी भाषणांत सांगतात की या शब्दाची शेवटची चार अक्षरं, आय-ए-एस-एम, म्हणजे 'आय ॲम सोल्ड मायसेल्फ', मला स्वतःलाच आधी पटलं आहे. ऐकायला छान आहे, लक्षात ठेवायलाही सोपं आहे. पण तो उगम नाही. शेवटचं 'ॲझम' हे ग्रीक नामाचं शेपूट आहे. उपहास या अर्थाच्या 'सार्कॅझम'ला तेच शेपूट आहे.

प्लेटोचं चुंबक आणि आपल्या टाचण्या

या शब्दावर सगळ्यात सुंदर विचार केला तो सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटो या ग्रीक तत्त्ववेत्त्यानं. त्याचा 'आयॉन' नावाचा छोटासा संवाद आहे. आयॉन हा इफेसस गावचा पाठक. होमरची महाकाव्यं तो लोकांपुढं गाऊन दाखवायचा. त्याची अडचण अशी, की होमरवर तो तासन् तास बोलू शके, पण दुसऱ्या कवीचा विषय निघाला की त्याला डुलकी लागे. असं का, म्हणून तो सॉक्रेटिसला विचारतो.

सॉक्रेटिस त्याला चुंबकाचा दाखला देतो. चुंबक लोखंडी कडीला ओढतं. पण तेवढ्यावर थांबत नाही. त्या कडीतही ओढण्याची ताकद येते, ती दुसरी कडी धरते, दुसरी तिसरीला, आणि कड्यांची साखळी लोंबकळायला लागते. काव्याची देवता म्हणजे चुंबक. पहिली कडी कवी, मधली कडी गाऊन दाखवणारा, आणि शेवटची कडी ऐकणारा. ताकद सगळ्यांत तीच.

हा प्रयोग वर्गात करायला एक पैशाचा खर्च नाही. विज्ञान पेटीतलं चुंबक घ्या आणि त्याला एकाखाली एक टाचण्या लावत जा. तीन-चार सहज लटकतात. आता वरच्या टाचणीला हातानं धरून ठेवा आणि चुंबक अलगद बाजूला करा. खालच्या टाचण्या बहुधा गळून पडतात.

मधली कडी म्हणजे आपण शिक्षक, हे वेगळं सांगायला नको. ज्या दिवशी धड्यात माझंच मन नसतं, त्या दिवशी मुलांच्या टाचण्या खाली पडलेल्या मला दिसतात.

एके काळी ही शिवी होती!

हो, खरंच. आज 'ही इज ॲन इन्थ्यूझिॲस्ट' म्हटलं की माणूस खूश होतो. १७व्या-१८व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तो चिडला असता.

त्याचं कारण त्या काळात आहे. १७व्या शतकात इंग्लंडमध्ये यादवी युद्ध झालं, राजाचा शिरच्छेद झाला, धर्मपंथ उगवले. 'देवानं मला थेट सांगितलं' असं म्हणणारे अनेक जण निघाले. त्या धामधुमीनं पोळलेल्या शिकल्यासवरल्या लोकांना अशा माणसांची धास्ती वाटू लागली. अशांना ते 'इन्थ्यूझिॲस्ट' म्हणत. म्हणजे आत देव आहे असा ज्याला भ्रम झाला आहे तो, डोकं फिरलेला.

जॉन लॉक या तत्त्ववेत्त्यानं आपल्या मानवी आकलनावरच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत या विषयावर खास नवं प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : एखादी गोष्ट मला फार जोरानं खरी वाटते, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश आला. त्यात या शब्दाचा पहिला अर्थ देवानं आपल्याला खासगीत काही सांगितलं असा पोकळ विश्वास, असाच दिला आहे. पण त्याच्याच खाली कल्पनेची ऊब, विचारांची उंच झेप असेही अर्थ आहेत. म्हणजे शब्द तेव्हा कूस बदलत होता.

त्याच काळात जॉन वेस्ली हा धर्मोपदेशक चर्चबाहेर उघड्या माळावर, कोळशाच्या खाणीतल्या मजुरांपुढं प्रवचनं करायचा. त्याच्या मेथॉडिस्ट पंथावर विरोधक हाच शिक्का मारत. वेस्लीनं १७५० मध्ये इन्थ्यूझिॲझम म्हणजे नेमकं काय यावर एक प्रवचनच छापलं. गंमत बघा, त्यानंही हा शब्द वाईट अर्थानंच वापरला!

पुढं धर्माच्या भांडणांची धग कमी झाली. कविता, कला, निसर्ग यांत रंगून जाणं चांगलं मानलं जाऊ लागलं. शब्दातला देव हळूहळू बाजूला झाला आणि आतली ऊब तेवढी उरली. आज आपण शिकवतो तो हा अर्थ.

आपल्या मराठीत काय आहे?

हे वाचताना मला आपलीच भाषा आठवत होती. एखादं पोर वर्गात फार धिंगाणा घालायला लागलं की आपण काय ओरडतो? "काय रे, अंगात आलंय का तुझ्या?" म्हणजे इंग्लंडच्या लोकांनी जी शिवी दिली, तीच आपण देतो. आणि चांगल्या अर्थानं काय लिहितो? "मुलांच्या अंगात उत्साह संचारला." संचार कुणाचा होतो? देवाचा. ग्रीकांनी एका शब्दात जे भरलं, ते आपल्याकडे दोन वाक्प्रचारांत वाटलं गेलं आहे.

'उत्साह' शब्द मात्र वेगळ्या वाटेनं आला. तो संस्कृत आहे. 'उत्' म्हणजे वर आणि 'सह्' म्हणजे सोसणे, टिकून राहणे, मात करणे. 'सहन' शब्दात तोच 'सह्' आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वीर रसाचा स्थायी भाव उत्साह सांगितला आहे. म्हणजे उत्साह हा घटकाभराचा उसळलेला आनंद नाही, त्यात टिकण्याची ताकद धरलेली आहे. 'जोश' फारसी, मूळ अर्थ उकळी. 'उमेद' फारसी, मूळ अर्थ आशा. 'हौस' मूळ अरबी. उकळी वेगळी, आशा वेगळी, सोसणं वेगळं. भाषांतर करताना नेमका कोणता शब्द घ्यायचा ते यावरून ठरवा.

वाक्यात वापर

नाम : शी हॅज ग्रेट इन्थ्यूझिॲझम फॉर सायन्स. तिला विज्ञानाची फार ओढ आहे.
विशेषण : द चिल्ड्रन वर इन्थ्यूझिॲस्टिक अबाउट द ट्रिप. मुलं सहलीसाठी उत्सुक होती.
क्रियाविशेषण : दे सँग इन्थ्यूझिॲस्टिकली. त्यांनी उत्साहानं गाणं म्हटलं.
व्यक्ती : माय अंकल इज अ क्रिकेट इन्थ्यूझिॲस्ट. माझे काका क्रिकेटवेडे आहेत.

चुका होतात त्या इथं. नामापुढं 'फॉर' येतो, 'ऑफ' नाही. विशेषणापुढं 'अबाउट' येतो. आणि उत्साह या अर्थी नामाच्या आधी सुटा 'ॲन' लावत नाहीत, कारण उत्साह मोजता येत नाही. माणूस मोजता येतो, म्हणून 'ॲन इन्थ्यूझिॲस्ट' बरोबर.

'इन्थ्यूज' असं क्रियापदही आहे. नामाचं शेपूट कापून ते नंतर बनवलं गेलं. १८२७ मध्ये एका स्कॉटिश तरुणाच्या लिखाणात ते पहिल्यांदा सापडतं. काही जुन्या वळणाच्या लोकांना ते अजून खटकतं, म्हणून परीक्षेच्या पेपरात टाळलेलं बरं.

विरुद्धार्थी शब्द : ॲपथी, म्हणजे उदासीनता. हाही ग्रीक. काहीच न वाटणं असा त्याचा मूळ अर्थ.

जवळचे शब्द, थोडक्यात

झील म्हणजे कळकळ, तळमळ. मत्सरी या अर्थाचा 'जेलस' शब्द त्याचाच भाऊ. झेस्ट म्हणजे मजा घेऊन जगणं. मूळ फ्रेंच शब्द संत्र्या-लिंबाच्या सालीचा, जी पदार्थाला चव आणते. पॅशन म्हणजे ध्यास. ते लॅटिनमधल्या 'सोसणे' या क्रियापदावरून आलं, आणि 'पेशंट'ही त्यातूनच. आपल्या 'उत्साह' शब्दातही सोसणं होतं, आठवलं ना?

आता माझी चूक

आपल्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी असतात : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. वर्गात एक मुलगी होती. शेवटून दुसऱ्या ओळीत बसायची. हात कधी वर नाही, नाचात नाही, गाण्यात ओठ हलायचे तेवढेच. पहिल्या सत्रात तिच्या 'सुधारणा आवश्यक'च्या रकान्यात मी लिहिलं, "उपक्रमात उत्साह दाखवावा." लिहिताना क्षणभरही थांबले नाही. अशी वाक्यं आपल्या पेनातून आपोआप उतरतात.

पालकसभेला तिची आई आली. रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, उत्साह नाही म्हणता, पण ही तर खताच्या गोणीवरचंसुद्धा वाचत बसते. जेवायला उठत नाही." आणि तिनं पिशवीतून एक जुनी डायरी काढली.

त्यात इंग्रजी शब्द होते. साबणाच्या वेष्टनावरचे, बिस्किटाच्या पुड्यावरचे, बियाण्याच्या पाकिटावरचे, औषधाच्या बाटलीवरचे. नेट वेट, बॅच नंबर, शेक वेल बिफोर यूज, कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन. एकेका शब्दापुढं तिनं स्वतःच्या अंदाजानं उच्चार लिहिला होता. बरेच चुकलेले होते. 'वेट'पुढं लिहिलं होतं 'वेइघट'. पानं मात्र भरत गेली होती. कुणीही तिला हे करायला सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.

मी त्या बाईंना काय उत्तर दिलं, आठवत नाही. काहीतरी पुटपुटले असेन. डायरी घेऊन घरी आले आणि तो रात्रभर मनात घोळणारा ग्रीक शब्द पुन्हा आठवला. 'एन', आत. पहिलंच अक्षर-जोड सांगत होतं की ही गोष्ट आतली आहे. आणि मी ती बाहेर शोधत होते, वर केलेल्या हातात, मोठ्या आवाजात, टाळ्यांत. प्रजासत्ताक दिनाला मैदानावर इन्थ्यूझिॲझम शोधणाऱ्या पोराला मी हसले होते. माझं शोधणं तरी कुठं वेगळं होतं?

दुसऱ्या सत्रात मी 'आवड व छंद'च्या रकान्यात लिहिलं, "दिसेल तो छापील मजकूर वाचते. स्वतःहून इंग्रजी शब्दसंग्रह करते." पहिल्या सत्राची नोंद पुसता येत नव्हती, ती तशीच आहे. डायरीतले उच्चार आम्ही दोघी मधल्या सुट्टीत दुरुस्त करायचो, रोज पाच शब्द. हात ती अजूनही वर करत नाही. मी आता तिच्या बाकाजवळ जाऊन विचारते, तेव्हा उत्तर असतं.

मित्रांनो, दंगा करणाऱ्या, पुढं पुढं करणाऱ्या मुलांचा उत्साह खोटा असतो असं मी म्हणत नाही. तोही खराच, आणि वर्गाला त्याची गरज आहे. पण अहवालात 'मुलांनी उत्साहाने सहभाग घेतला' असं लिहिण्याआधी एकदा सगळ्यांची नावं मनात घेऊन बघा. ज्याच्या नावापाशी पेन अडखळेल, त्याची डायरी आपण अजून बघितलेली नाही.

सरावासाठी

१. 'थिऑस'पासून आलेले तीन इंग्रजी शब्द सांगा.
२. रिकामी जागा भरा : ही इज इन्थ्यूझिॲस्टिक ....... कबड्डी.
३. उत्साह, हुरूप, उमेद, हौस, जोश हे पाच शब्द वापरून पाच वेगळी वाक्यं लिहा. शब्दांची अदलाबदल केली तर कोणतं वाक्य बिघडतं ते बघा.
४. घरातल्या कोणत्याही तीन वेष्टनांवरचे पाच इंग्रजी शब्द उतरवा आणि उच्चार स्वतः ठरवा. चुकले तरी चालतील. उद्या वर्गात मिळून बघू.